केर काढण्याआधी कुत्रा विंचरा

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. तीन वर्षांचा पिवळा लॅब्रेडॉर आणि दीड वर्षाची देशी मांजर. मावशी सकाळी दहाला केर-फरशी करतात, संध्याकाळी तुम्ही पुन्हा कुंचा फिरवता, तरी दुसऱ्या दिवशी सोफ्याखालून केसांचे बोळे निघतातच. गेल्या आठवड्यात आमटीत केस निघाला, सासूबाई पानावरून उठल्या आणि ‘एक तर कुत्रा राहील नाही तर मी’ इथवर गोष्ट गेली. यजमानांचं मत, उन्हाळ्याच्या आत मशीन फिरवून त्याचा गोटा करून टाकू. मुलीला सकाळी शिंका येतात. आणि तुम्ही केर काढणारा चाळीस हजारांचा रोबो घ्यावा का, असं विचारताय.

गोटा नको. रोबो आत्ता नको. आमटीतला केस पंधरा दिवसांत बंद होईल, तो सगळ्यात सोपा भाग आहे. सोफ्यावरचे केस बरेच कमी होतील, पण संपणार नाहीत. मी सतरा वर्षं पुण्यात कुत्र्यामांजरांचं ग्रूमिंग करते. घरी एक लॅब, रस्त्यावरून आणलेली एक कुत्री आणि दोन मांजरं आहेत. हे लिहिताना माझ्या काळ्या कुर्त्यावर चार पिवळे केस आहेत, आणि मी ते झटकलेलेही नाहीत. तेव्हा ‘शून्य केस’ असं कुणी सांगितलं तर तो माणूस काहीतरी विकतोय असं समजा.

आधी लॅबचा कोट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. लॅबला दोन थर असतात. वरचा केस आखूड, ताठ, थोडा तेलकट. पाणी त्यावरून घरंगळून जातं. त्याखाली मऊ, लोकरीसारखी दाट लव असते. सोफ्याखाली जो बोळा होतो तो या आतल्या लवेचा. चादरीत सुईसारखा घुसून बसतो तो वरचा केस. जर्मन शेफर्ड, गोल्डन, हस्की, पामेरियन, सगळे याच जातकुळीतले. याउलट शिह्त्झू, ल्हासा, पूडल यांचा केस आपल्यासारखा वाढतच राहतो. तो फार गळत नाही, पण त्याच्या जटा होतात आणि दर महिना-दीड महिन्याने कापावा लागतो. म्हणजे ‘केस न गळणारा कुत्रा’ घेतला की काम संपतं असं नाही. घरी कुंचा मारायचा तो वेळ आमच्यासारख्यांच्या दुकानात जातो.

आता गोट्याबद्दल. केस कापला म्हणून गळायचा थांबत नाही. दोन सेंटिमीटरचा गळत होता, तो अर्ध्या सेंटिमीटरचा गळायला लागतो, आणि आखूड ताठ केस कापडात जास्त खोल रुततो. शिवाय हा दुहेरी कोट थंडीइतकाच उन्हातही उपयोगी असतो. कातडीवर थेट ऊन पडू देत नाही. लॅबची कातडी उघडी पडली की चटके बसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही कुत्र्यांचा केस मशीन फिरवल्यावर नीट परत येतच नाही. धंद्यात पडले त्या दुसऱ्याच वर्षी मी एका पामेरियनचा मालकांच्या आग्रहाखातर गोटा केला. पैसे घेतले, फोटो काढले. आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा मानेवर आणि पायांवर केस होते आणि पाठीवर टक्कल. पुढचं वर्षभर त्या घरच्या बाई भेटल्या की मी रस्ता बदलत असे. तेव्हापासून दुहेरी कोटाच्या कुत्र्याचा गोटा मी फक्त डॉक्टरांनी सांगितलं तरच करते: जखम, शस्त्रक्रिया, सुटणारच नाहीत अशा जटा. बुडाशी आणि पंजाखाली थोडं ट्रिमिंग मात्र खुशाल करून घ्या. तळव्यांमधले केस कापले की कुत्रा टाइल्सवर घसरत नाही आणि बाहेरची माती कमी आणतो.

केस गळण्याचं वेळापत्रक मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस मोठा व्हायला लागला की थंडीची लव उतरते. माझ्या दुकानात होळीच्या आसपास जी गर्दी होते ती गुढीपाडवा उलटेपर्यंत टिकते, मग पावसाळ्यानंतर दुसरी, थोडी छोटी लाट येते. पण फ्लॅटमधल्या कुत्र्याला रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट असते आणि बाहेरची थंडी फारशी लागतच नाही. त्यामुळे त्याच्या शरीराचं ऋतूंचं गणित बिघडतं आणि तो बारा महिने थोडा-थोडा गळत राहतो. तुमच्या लॅबला काही झालेलं नाही. तो असाच असतो.

म्हणून माझं सांगणं एकच, आणि बाकी सगळं त्याच्यामागून येतं. गळणारा केस गळणारच आहे. तो फरशीवर पडण्याआधी अंगावरच पकडा. अंगावर तो एका जागी असतो. एकदा खाली पडला की पंखा, पाय, झाडू आणि कपडे त्याला घरभर नेतात.

साधनं तीन पुरेत. एक रबराचा मऊ दात्यांचा ब्रश, एक अंडरकोट रेक म्हणजे लांब, बोथट दात्यांची दंताळी, आणि एक स्टीलची फणी. ब्लेडवालं जे ‘डीशेडिंग टूल’ मिळतं त्याने ढीगभर केस निघतात आणि मालक खूश होतात, पण जोर लावून रोज फिरवलं तर वरचा चांगला केस तुटतो आणि कातडी सोलवटते. तेच वापरायचं असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, हलक्या हाताने, पाच मिनिटं. हाडांवर, कोपरांवर आणि पोटावर बिलकूल नाही.

पद्धत अशी. कुत्रा फिरून आला, दमला की गॅलरीत किंवा बाथरूममध्ये घ्या. पंखा बंद. खाली जुनी सुती साडी अंथरा. सुळसुळीत कापडावर केस रुतत नाही, शेवटी चारही टोकं उचलून मोटली बांधता येते. पाण्याचा फवारा अगदी हलका मारा, अंग भिजवायचं नाही, केस उडू नयेत एवढंच. आधी रबराचा ब्रश केसांच्या उलट दिशेने गोलगोल, म्हणजे लव सुटून वर येते. मग रेक केसांच्या दिशेने, मानेपासून शेपटीकडे, थोड्या-थोड्या पट्ट्यात. लॅबचे केस सगळ्यात जास्त निघतात ते मांड्यांच्या मागच्या बाजूला, मानेच्या खाली आणि शेपटीच्या मुळाशी. बहुतेक लोक पाठीवर दहा मिनिटं घालवतात आणि मांड्यांना हातच लावत नाहीत, म्हणून ‘रोज विंचरतो तरी गळतातच’ अशी तक्रार येते. शेवटी ओला हात अंगावरून फिरवा. जे सुटे राहिले ते हाताला चिकटतात.

रोज दहा मिनिटं जमली तर उत्तम. न जमल्यास दिवसाआड. रविवारी एकदम तासभर करण्यापेक्षा हे बरं, कारण तासाभराला कुत्राही कंटाळतो आणि पुढच्या वेळी ब्रश दिसला की पलंगाखाली जातो. गॅलरीत करताना मात्र खाली बघा. झटकलेले केस खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या कुत्र्याचा फोटो यायला तेवढं निमित्त पुरतं.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी एकदा. त्याहून जास्त घातली तर कातडी कोरडी पडते, कोंडा होतो आणि केस जास्तच गळतात. आपला शॅम्पू नको. माणसाची त्वचा बरीच आम्लधर्मी असते, कुत्र्याच्या त्वचेचा सामू (पीएच) त्यापेक्षा वर, सातच्या आसपास असतो. त्यामुळे आपल्यासाठी सौम्य असलेला शॅम्पू त्याला सौम्य असेलच असं नाही. खरी गंमत आंघोळीत नाही, वाळवण्यात आहे. आमच्याकडचा मोठा ब्लोअर आंघोळीनंतर फिरवला की सुटी झालेली लव अक्षरशः बर्फ पडल्यासारखी उडते. होळीच्या सुमाराला आणि दिवाळीच्या आधी, वर्षातून दोनदा एवढंच काम ग्रूमरकडून करून घ्या. बाकी आंघोळी घरी चालतील. पण आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. ओली झालेली लव आतल्या आत घट्ट बसते आणि बाथरूमची जाळीही तुंबते. जाळीवर नायलॉनचा जुना मोजा ताणून बसवा. केस कमोडमध्ये टाकू नका, प्लंबरच्या एका फेरीत वर्षभराचे ब्रश येतात.

ठाण्याच्या पावसाळ्यात एक धोका आहे. लॅबची वरची बाजू कोरडी लागते आणि आतली लव दोन-दोन दिवस ओली राहते. मग कानामागे किंवा मांडीवर एकाएकी लाल, ओलसर, केस गेलेला चट्टा दिसतो. तो चाटून चाटून रात्रीत तळहाताएवढा होतो. पावसातून आल्यावर वरवर पुसून सोडू नका. टॉवेल दाबून धरा, चोळू नका, मग पंख्याखाली किंवा थंड हवेवर लावलेल्या हेअर ड्रायरने आतपर्यंत वाळवा.

मांजरीचं वेगळं. ती स्वतःला दिवसभर चाटते, त्यामुळे तिचे बरेच केस तिच्या पोटात जातात आणि मग गोळा होऊन तुमच्या पलंगावर उलटीत येतात. देशी मांजरीला रबराचा हातमोजा पुरतो. मांडीवर आली की दोन-तीन मिनिटं, ती शेपूट आपटायला लागली की थांबायचं. याच्यापुढे जबरदस्ती केली तर उद्या येणार नाही. मांजरीची बसायची ठिकाणं ठरलेली असतात: एक खुर्ची, कपाटाचा माथा, खिडकी. त्या प्रत्येक जागी एक जुनी उशीची खोळ पसरून ठेवा. तिचे बरेचसे केस त्या तीन खोळींवर जमतील. आठवड्यातून एकदा त्या खोळी झटकल्या की तुमचं काम झालं. लॅबचंही तेच. त्याला एक ठरलेलं अंथरूण द्या, तो सोफा सोडेल असं नाही, पण वेळ तरी वाटला जाईल.

आता फरशी. कुंचा ही वस्तू मातीच्या केरासाठी आहे. कुत्र्याचे केस तो ढकलतो कमी आणि उडवतो जास्त; पंखा चालू असेल तर केराच्या पुढेपुढे केस पळतात आणि मागे येऊन बसतात. त्यावर लगेच ओला पोचा मारला की उरलेले केस पाण्याने चिकटतात, आणि फरशी वाळल्यावर भिंतीच्या कडेला केसांची नक्षी दिसते. तुम्ही दिवसातून दोनदा करताय ते मेहनतीत कमी नाही. क्रम चुकतोय.

क्रम असा ठेवा. पंखा बंद करून दहा मिनिटं थांबा. मग कोरडा मायक्रोफायबरचा सपाट मॉप. तो नसेल तर जुनी सुती बनियन ओली करून, घट्ट पिळून, लादीच्या रबरी वायपरला गुंडाळा. वायपर न उचलता, भिंतीकडून दाराकडे एकाच दिशेने ओढत आणा. केस वळकटी होऊन कडेला जमतात, हाताने उचलायचे. मग केर असेल तर कुंचा, आणि शेवटी पोचा. फ्रिजखाली, पलंगाखाली आणि दारामागे आधी. केस हवेच्या झोताने नेमके तिथेच जाऊन बसतात. आमच्या आईच्या घरी अजून शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यात अडकलेले केस काढायला रबरी वायपरशिवाय काही चालत नाही. तुमच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर तीन खोल्या पंधरा मिनिटांत होतात.

मावशींशी बोलताना एक विनंती. कुत्रा आला की त्यांचं काम वाढतं हे मान्य करा. आमच्याकडे दुसरा कुत्रा आला त्या महिन्यापासून मी पैसे वाढवले आणि वायपरची पद्धत स्वतः करून दाखवली. ‘नीट झाडत नाहीत’ ही तक्रार बहुतेक घरांत साधनाची असते, माणसाची नसते.

आमटीतला केस याच्याशीच जोडलेला आहे. मावशी दहाला येतात असं तुम्ही लिहिलंय. दहाला तुमच्याकडे कुकर आणि फोडणी चालू असणार. म्हणजे नेमक्या स्वयंपाकाच्या वेळी सगळ्या घरातला केस हवेत उडवला जातो आणि उघड्या पातेल्यावर उतरतो. मावशींची वेळ बदलत नसेल तर स्वयंपाकघराचा केर तुम्ही सकाळी सातला काढून घ्या आणि त्या बाहेर झाडत असताना स्वयंपाकघराचं दार लावून ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे आपले कपडे. सोफ्यावर कुत्र्याला टेकून चहा प्यायचा आणि त्याच गाऊनवर कणीक मळायची, तर केस पिठात येणारच. ओट्याजवळ खिळ्याला एक सुती अ‍ॅप्रन टांगा, तो स्वयंपाकघराबाहेर कधीच न्यायचा नाही. मळलेली कणीक, कापलेली भाजी झाकलेली. धुतलेली भांडी पालथी. दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते बुटकं फाटक लावा, लॅब थांबतो. मांजर थांबणार नाही, म्हणून स्वयंपाकाला सुरुवात करण्याआधी ओटा एकदा ओल्या फडक्याने पुसायची सवय ठेवा. सासूबाईंना कुत्र्याचा राग नसतो बहुधा, ताटातल्या केसाचा असतो. ताटातला केस गेला की पुढचं बोलणं सोपं जातं, हे मी माझ्याच घरी पाहिलंय.

सोफा कोणत्या कापडाचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही. मखमलीसारखा असेल तर देव तुमचं भलं करो. रेक्झिन किंवा चामडं सगळ्यात सोपं, ओल्या फडक्याने निघतं, पण नखांचे ओरखडे पडतात. कापडी असेल तर भांडी घासायचा रबरी हातमोजा थोडा ओला करून एकाच दिशेने फिरवा. घासल्याने केस गोळा होतात, रबराला पकड असते. रोलरवरचा चिकट कागद बाहेर जाताना कपड्यांसाठी ठीक आहे. सोफ्याला वापरलात तर एका बैठकीत अख्खा रोल संपतो. सोफ्यावर घट्ट विणीची सुती चादर टाका. सोलापुरी चादर किंवा टर्किशचा टॉवेल नको, त्यांच्या उठावदार विणीत केस असा गुंततो की धुण्यानेही निघत नाही.

धुण्याचंही तसंच. केसाळ चादर सरळ मशीनमध्ये टाकली की केस ओले होऊन बाकीच्या कपड्यांना चिकटतात. आधी कोरडी असतानाच गच्चीवर जोरात झटका, हातमोजा फिरवा, मग वेगळी धुवा आणि पाणी भरपूर ठेवा. वाळल्यावर पुन्हा एकदा झटका. उरलेला केस तेव्हाच पडतो. कपडे समोरून घालायचं मशीन असेल तर खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागची जाळी दर महिन्याला काढून साफ करा. कित्येकांना ते झाकण उघडतं हेच माहीत नसतं. मायक्रोफायबरच्या फडक्यांना सॉफ्टनर घालू नका, त्यांची केस पकडायची ताकद जाते.

फरशीत काय घालता याकडे मात्र माझं विशेष लक्ष आहे, कारण घरात मांजर आहे. काळं फिनाइल आणि फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं मांजरीला विषारी असतात. तिच्या यकृताला ही द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याची सोय फार कमी असते. ती ओल्या फरशीवरून चालते, मग बसून पंजे चाटते, आणि विष थेट पोटात जातं. आंघोळीच्या पाण्यात घालायचं आपलं पिवळं, दुधाळ होणारं जंतुनाशक याच वर्गातलं. बेंझाल्कोनियम हे जंतुनाशक रसायन असलेले सुगंधी फ्लोअर क्लीनर कुत्र्याला कमी त्रास देतात, पण मांजरीच्या जिभेला त्याने फोड येतात. वापरायचंच असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच पातळ करून वापरा, नंतर साध्या पाण्याचा एक हात मारा आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा. मी घरी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालते. वास घेऊन स्वच्छता ओळखायची सवय मोडायला मला दोन महिने लागले. कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाका. टी ट्री तेल वगैरे ‘नैसर्गिक’ म्हणून अंगाला चोळू नका. आणि कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडांचं औषध मांजरीला चुकूनही लावू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला चालतं, मांजरीला झटके येतात आणि जीवही जातो. कुत्र्याला लावल्यावरही ते औषध वाळेपर्यंत मांजरीला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. लघवी कुठे झाली असेल तर आधी पाण्याने धुवा. त्यावर ब्लीच ओतलं तर लघवीतला अमोनिया आणि ब्लीच मिळून घसा जाळणारा वायू होतो. वास राहिला तर एन्झाइमचा क्लीनर आणा, तो वासाच्या मुळावर काम करतो.

मुलीच्या शिंका. इथे एक गैरसमज काढून टाकते: त्रास केसाने होत नाही. मांजरीच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन असतं, शास्त्रीय नाव फेल डी १. ती चाटते तेव्हा ते केसावर लागतं, वाळून बारीक कणांत हवेत तरंगतं. कुत्र्याच्या लाळेतही असंच वेगळं प्रथिन असतं. म्हणून ‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ हा विक्रीचा शब्द आहे. उपाय: मुलीची खोली प्राण्यांना कायमची बंद, दार लावलेलं. तिथल्या चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. एसीची जाळी पंधरा दिवसांतून एकदा धुवायची, पंख्याची पाती जुन्या उशीच्या खोळीत हात घालून पुसायची, म्हणजे धूळ खाली न पडता खोळीत राहते. एअर प्युरिफायर घेणार असाल तर हेपा फिल्टरचाच, तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण जमिनीवर पडलेला केस तो उचलत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि एकदा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. मुलीचा त्रास धुळीतल्या किड्यांचाही असू शकतो आणि बोल मांजरीला लागतो.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळे बोलतात. केस जवळजवळ सगळा प्रथिनाचा बनलेला असतो. कुत्रा नुसत्या दहीभातावर आणि दूधपोळीवर असेल तर कोट निस्तेज होतो आणि जास्त गळतो, उकडलेलं अंडं किंवा नीट बनवलेलं तयार खाद्य सुरू केलं की दीड-दोन महिन्यांत फरक दिसतो. मांजरीला तर दूधपोळीवर ठेवूच नका, तिला मांसातून मिळणारं टॉरीन हे पोषकद्रव्य लागतंच.

केस सगळीकडून सारखे गळत असतील तर चिंता नाही. पण एका जागी गोल टक्कल, खाज, वास, लाल कातडी, शेपूट उंदरासारखी उघडी पडणं किंवा मांजरीने पोट चाटून चाटून साफ करणं, असं दिसलं तर ब्रश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. गोल चट्टा बुरशीचा असू शकतो, तो माणसांनाही होतो. आपण त्याला गजकर्ण म्हणतो. विंचरताना कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघत जा. घरातली तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते, हजारोंनी. ती सापडली तर केसांचा प्रश्न विसरा, आधी ती.

रोबो शेवटी ठेवला, कारण तो शेवटीच यायला हवा. सपाट टाइल्सवर तो रोजचे केस छान उचलतो, माझ्याकडे आहे. पण त्याची डबी लॅबच्या केसांनी एका खोलीत भरते, ब्रशला गुंतलेले केस दर दोन दिवसांनी कात्रीने कापावे लागतात, आणि सोफा, पायऱ्या, कोपरे तुमच्याकडेच राहतात. केसाळ घरासाठी घ्यायचा तर ब्रिसलच्या, म्हणजे ताठ केसांच्या ब्रशऐवजी रबरी रोलरचा घ्या. आणि कुत्रा घरात एकटा असताना लावून जाऊ नका. आमच्या कुत्रीचं पोट एकदा बिघडलं होतं, रोबो नेमका दुपारी तीनला आपणहून निघाला, आणि त्याने ते सगळं इमानेइतबारे हॉलभर, पट्टे ओढत, पसरवलं. त्या दिवशी मी यंत्राला आणि कुत्रीला, दोघांनाही बाथरूममध्ये नेलं. त्या पैशांत सध्या सोफ्यासाठी छोट्या मोटरच्या ब्रशचा कॉर्डलेस व्हॅक्यूम, दोन सपाट मॉप, रेक आणि ग्रूमरच्या वर्षभराच्या फेऱ्या येतील. दिवाळीनंतर वाटलं तर रोबोचं बघा.

निघालेले केस सुक्या कचऱ्यात, पिशवीत बांधून टाका. कुंडीत घातले तर कुजतात, पण फार हळू. काहीजण पक्ष्यांनी घरट्याला न्यावेत म्हणून गॅलरीत ठेवतात. गोचिडांचं औषध लावलेल्या कुत्र्याचे केस तसे ठेवू नका, ते औषध घरट्यात पिलांपर्यंत जातं.

येत्या रविवारी सुरुवात करा. पहिल्या वेळी रेकला एवढे केस निघतील की दुसरा कुत्रा तयार होईल. ते लगेच टाकून देऊ नका, आधी सासूबाईंना दाखवा. तेवढे केस या आठवड्यात तुमच्या फरशीवर पडणार होते.